डळमळती चाल आणि रक्ताची साक्ष

गळीत हंगाम सुरू झाला, की भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. अशा रस्त्यावर मद्यधुंद चालक म्हणजे साक्षात काळच. परंतु तो मद्यधुंद होता, हे न्यायालयात सिद्ध कसे होते?

तोंडाला वास, डळमळती चाल, असंबद्ध बोलणे ही लक्षणे कोणालाही पुरेशी वाटतील. महाराष्ट्रातील एका अपघाताच्या खटल्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ती अपुरी ठरवली. चालकाचे रक्त तपासणीस पाठवले होते. अहवाल न्यायालयापुढे आलाच नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ मोजमाप मागतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास कलम १८५ लागू होते. रस्त्यावर श्वासाची चाचणी होते. अटक झाल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, अन्यथा चालकास सोडावे लागते. सबळ कारणाविना रक्त देण्यास नकार दिल्यास तो नकारही विरोधात जाऊ शकतो.

मोजमापालाही प्रामाणिक हात लागतात. २०२४ च्या पुण्यातील कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली.

ज्या व्यापारी घरांच्या मालगाड्या रात्री धावतात, त्यांनी चालकाला एवढे सांगून ठेवावे: हुज्जत न घालता चाचणी द्यावी. निर्व्यसनी माणसाची निर्दोषता सांगणारा तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.