‘मतं खाल्ली’ म्हणजे नेमकी किती? अपक्ष, पिपाणी आणि एक साधा भागाकार

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढून टाकलेत.)

हेडफोन लावलेत ना? आज थोडं गणित आहे, पण घाबरू नका. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होणारा एकच भागाकार आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. २३ मे २०१९, लोकसभेचा निकाल. आमचं गंगाखेड परभणी मतदारसंघात येतं. शिवसेनेचे संजय जाधव यांना ५,३८,९४१ मतं पडली, राष्ट्रवादीचे राजेश विटेकर यांना ४,९६,७४२. फरक ४२,१९९. तिसऱ्या नंबरवर वंचित बहुजन आघाडीचे आलमगीर खान, १,४९,९४६ मतं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. काका विटेकरांच्या बाजूचे. म्हणाले, “कामून वाया घालवलंस रे मत? तुमच्यासारख्यांनीच पाडलं त्याला.”

मी रात्रभर बसमध्ये बसून पुण्याहून मत द्यायला गेलो होतो. लोकसभेचं माझं पहिलंच मत. पहिल्या दोघांपैकी कुणालाच दिलं नव्हतं, एवढं काकांना माहीत होतं. मला उत्तर सुचलं नाही. “बरं काका” म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. माझ्या एका मताने खरंच कुणाला पाडलं का? आणि हे तपासायचं तरी कसं?

आधी नियम बघू

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो जिंकला. निम्मी मतं मिळायलाच पाहिजेत असं काही नाही. गंगाखेड विधानसभेचंच घ्या. २०१९ ला राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे ८१,१६९ मतांवर निवडून आले, दुसऱ्या नंबरला ६३,१११. जिंकणाऱ्याची मतं झालेल्या एकूण मतांच्या एक तृतीयांशही नव्हती. उमेदवार जास्त, मतं वाटली गेली, की असं होतं. यालाच आपण मतविभाजन म्हणतो.

आता अपक्ष. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. लोकसभेचं डिपॉझिट २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही मिळाली, तर डिपॉझिट जप्त.

पूर्वी हे डिपॉझिट फक्त ५०० रुपये होतं. १९९६ च्या लोकसभेला देशभरात तब्बल १३,९५२ उमेदवार उभे राहिले, त्यातले दहा हजारांहून जास्त अपक्ष. मग त्याच वर्षी कायदा बदलून ते १०,००० रुपये केलं. १९९८ ला उमेदवार किती? ४,७५०.

तरी गर्दी संपलेली नाही. २०२४ ला परभणीत ३४ उमेदवार होते. एका बॅलेट युनिटवर १६ बटणं असतात, ‘नोटा’ धरून. म्हणजे आमच्याकडे एका टेबलावर तीन युनिटं मांडली होती. ३४ पैकी ३२ जणांचं डिपॉझिट गेलं.

पण अपक्ष म्हणजे नुसती गर्दी, असंही नाही. २००९ ला गंगाखेडने सीताराम घनदाट यांना आमदार केलं, ते अपक्षच होते.

आता तो भागाकार

निकालानंतर चॅनलवाले काय करतात? तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त दिसली, की “याने मतं खाल्ली, म्हणून तो पडला.” विषय संपला.

थांबा. समजा तो तिसरा उभाच नसता. त्याचे शंभर मतदार कुठे गेले असते? काही पडलेल्याकडे, काही जिंकलेल्याकडे, आणि काही जण घरीच बसले असते. साठ पडलेल्याकडे, वीस जिंकलेल्याकडे आणि वीस घरी, असं धरलं तर पडलेल्याचा निव्वळ फायदा किती? साठ वजा वीस, चाळीस. साठ नव्हे.

मग प्रश्न असा विचारायचा: निकाल उलटायला शंभरातला निव्वळ फायदा कितीपेक्षा जास्त हवा होता? त्यासाठी जिंकणाऱ्याचं मताधिक्य घ्यायचं, तिसऱ्याच्या मतांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं.

परभणी, २०१९: ४२,१९९ भागिले १,४९,९४६. उत्तर साधारण २८.

सातारा, २०२४: भाजपचे उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले, शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे पडले. ‘तुतारी’ चिन्हाच्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं. उत्तर ८८.

रायगड, २०१४: शिवसेनेचे अनंत गीते अवघ्या २,११० मतांनी जिंकले, राष्ट्रवादीचे सुनील तटकरे पडले. रिंगणात आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मतं. उत्तर २१.

तिन्ही ठिकाणी बातमी एकच होती, ‘मतं खाल्ली’. पण शंभरात २१ आणि शंभरात ८८ यात केवढा फरक आहे बघा.

याच भागाकाराची दुसरी गंमत आपल्या शेजारच्या जिंतूरला दिसते. २०२४ च्या विधानसभेला मेघना बोर्डीकर ४,५१६ मतांनी जिंकल्या, विजय भांबळे पडले. तिथे एका पिपाणीवाल्या अपक्षाला ७,४३० मतं होती, उत्तर ६१. आणि वंचितच्या उमेदवाराला ५६ हजारांहून जास्त, उत्तर फक्त ८. मग भांबळेंना नक्की कुणी पाडलं? नुसती बेरीज-वजाबाकी करत बसलात, तर एका पराभवाला दोन-चार आरोपी सहज सापडतात. त्यामुळे आकड्यानंतर दुसरा प्रश्न विचारावाच लागतो.

मत चुकून गेलं, की ठरवून दिलं?

मतं दोन प्रकारची असतात. एक चुकून गेलेलं. बोट एका बटणावर, मन दुसरीकडे. दुसरं ठरवून दिलेलं.

पिपाणीचा घोळ पहिल्या प्रकारातला. राष्ट्रवादी फुटल्यावर शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं. आणि अपक्षांसाठीच्या मोकळ्या चिन्हांमध्ये ट्रम्पेट होतं, त्याचं मराठी नाव यादीत आलं ‘तुतारी’. आता प्रचारात सगळीकडे “तुतारीसमोरचं बटण दाबा” ऐकलेली आजी मशीनसमोर उभी आहे. नाव वाचता येत नाही. तिने काय शोधायचं?

दिंडोरीत तर चिन्हासोबत आडनावही जुळलं. पवार गटाचे भास्कर भगरे आणि ट्रम्पेटवाले अपक्ष बाबू भगरे. अपक्षाला १,०३,६३२ मतं! भास्कर भगरे तरीही १,१३,१९९ च्या फरकाने जिंकले, म्हणून तिथे फार आरडाओरडा झाला नाही. पण माझ्या मते गंभीर गोष्ट तीच आहे. त्या लाखभर मतांतली जेवढी चुकून गेली, तेवढ्या मतदारांचं मत त्यांच्या हातून निसटलं. उमेदवार जिंकला म्हणून ते परत मिळत नाही.

मग साताऱ्याचं काय म्हणायचं? त्या अपक्षाच्या शंभरातली ८८ हून जास्त मतं चुकून गेलेली असतील, तरच निकाल उलटतो. घोळामुळे शिंदेंचं नुकसान झालं, हे मला पटतं. घोळामुळेच ते पडले, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. अगदी काठावरची गोष्ट आहे. रायगडला मात्र शंभरातली २२ मतं नावाच्या गोंधळात गेली असती तरी पुरे होतं, त्यामुळे तिथला दावा कितीतरी भक्कम.

चुकून जाणाऱ्या मतांवर उपाय मशीनवर करायचा असतो. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो येतो, तो सारख्या नावांचा गोंधळ कमी व्हावा म्हणूनच. मे २०२४ मध्ये नामसाधर्म्याच्या उमेदवारांना रोखावं अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली, कोर्टाने ती ऐकली नाही. आईवडिलांनी ठेवलेल्या नावावरून कुणाला उभं राहण्यापासून कसं अडवणार? मला ते बरोबर वाटतं. नाव नाही अडवता येत. पण चिन्हांची यादी करताना दोन चित्रं आणि त्यांची नावं सारखी नाहीत ना, हे बघता येतं. आम्ही ॲपमध्ये ‘सेव्ह’ आणि ‘डिलीट’ची बटणं एकसारखी ठेवली आणि लोकांनी चुकीचं दाबलं, तर दोष लोकांचा नसतो.

ठरवून दिलेलं मत कुणाचं?

आता दुसरा प्रकार. यातली मतं कुठे गेली असती हे आपल्याकडे कळायला मार्गच नाही. पण अमेरिकेत एकदा कळलं.

तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. (आपल्या पंजाशी संबंध नाही.) मेन नावाच्या राज्यात मतदार पसंतीक्रम देतात, पहिला कोण, दुसरा कोण. २०१८ ला तिथल्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पहिल्या मोजणीत २,१७१ मतांनी पुढे होते. दोन अपक्षांना मिळून २३,४२७ मतं. कुणालाच निम्मी मतं नव्हती, म्हणून अपक्षांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. १०,४२७ डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन यांच्याकडे गेली, ४,७४७ पोलिक्विनकडे. आणि ८,२५३ कुणाकडेच नाही. गोल्डन जिंकले.

निव्वळ फायदा किती झाला? शंभरात साधारण २४. आणि एक तृतीयांशाहून जास्त मतं दोघांपैकी कुणाच्याच कामी आली नाहीत. मेन आणि मराठवाडा सारखे नाहीत, मान्य. पण “तिसरा नसता तर ती सगळी मतं आमचीच” हे गृहीत किती कच्चं आहे, ते यातून दिसतं.

आपल्याकडचं सांगलीचं उदाहरण तर अजून भारी. २०२४ ला आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, चंद्रहार पाटील उमेदवार झाले. काँग्रेसचे विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष उभे राहिले. मतं फुटणार, भाजपला फायदा होणार, अशी भीती होती. निकाल काय? विशाल पाटील ५,७१,६६६, भाजपचे संजयकाका पाटील ४,७१,६१३, आणि अधिकृत उमेदवार ६०,८६०. मग मतं फोडणारा नक्की कोण होता, अपक्ष की अधिकृत? मतमोजणीच्या आधी हे शिक्के मारता येत नाहीत.

तिसरा प्रश्न: पद्धतच बदलली तर?

पसंतीक्रम आपल्याला नवा नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण १, २, ३ असे आकडेच लिहितो. तुम्ही पदवीधर असाल आणि नाव नोंदवलं असेल, तर औरंगाबाद पदवीधर मतदारसंघात तुम्हीही लिहाल. तिथे आपल्या आवडत्या उमेदवाराला पहिली पसंती द्यायची आणि “तो नाही तर हा” म्हणून दुसरी. मत वाया गेल्याचा टोमणा ऐकावा लागत नाही. लोकसभेला हे आणायचं तर कायदा, मशीन, मोजणी सगळं बदलावं लागेल आणि ज्याला आकडे लिहिता येत नाहीत त्या मतदाराचंही बघावं लागेल. लगेच होणारं काम नाही. पण हा पर्याय आहे, हे माहीत असावं.

तर, काकांना काय उत्तर दिलं?

परत परभणी २०१९. लागणारा वाटा २८. समजा ५० विटेकरांकडे, २० जाधवांकडे आणि ३० घरी. निव्वळ ३०, निकाल उलटला असता. तेच ४५, २५ आणि ३० धरा. निव्वळ २०, निकाल तोच. म्हणजे काकांचं म्हणणं अशक्य नव्हतं, पण सिद्धही झालेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत गंगाखेडला गेलो तेव्हा हे सगळं त्यांना कागदावर मांडून दाखवलं. काकांनी चष्मा लावून आकडे तपासले. भागाकार स्वतः परत केला. मग म्हणाले, “गणित बरोबर हाय तुझं. पण तू आमच्याकडे कामून नाही आलास, ते सांग.”

पाच वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. आधी फक्त मत वाया गेलं म्हणत होते. मग मी सांगत बसलो, नोकऱ्या, उन्हाळ्यातलं पाणी, प्रचारात यातलं कुणी काय बोललं आणि काय नाही. काही पटलं त्यांना, काही नाही. चहा दोनदा झाला. माझी तक्रार होती ती एवढीच होती मंडळी. चुकून गेलेलं मत असेल तर मशीन दुरुस्त करा, आणि ठरवून दिलेलं असेल तर देणाऱ्याला कारण विचारा.

तुमच्यासाठी होमवर्क: निवडणूक आयोगाच्या निकालाच्या साइटवर तुमचा मतदारसंघ उघडा, फरक घ्या, तिसऱ्याच्या मतांनी भागा. काय उत्तर आलं आणि घरच्यांशी काय वाद झाला, ते व्हॉइस नोटवर पाठवा. फक्त मत कुणाला दिलं ते सांगू नका, ते गुप्त असतं! भेटू पुढच्या भागात.