जुनं पिनबॉल मशीन: विकायचं की सुटं करायचं?

हा भाग मी रानशेतला, मामाच्या पडवीत बसून रेकॉर्ड केलाय. मध्येच कोंबडा आरवला तर समजून घ्या, त्याला म्यूट करता येत नाही. ज्यांना लोकलमध्ये रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा प्रश्न मामाचा. मामाचं हायवेला, चारोटीजवळ, छोटं हॉटेल होतं. नव्वदच्या दशकात त्यांनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधून एक पिनबॉल मशीन आणलं. महालक्ष्मीच्या जत्रेच्या दिवसांत म्हणे त्यावर खेळायला रांग लागायची. पुढे हॉटेल बंद झालं आणि मशीन टेम्पोत घालून रानशेतला आलं. तेव्हापासून ते पडवीत ताडपत्रीखाली होतं. या वर्षी पडवीचे पत्रे बदलायचे होते, पाऊस तोंडावर आला होता, आणि मामांनी फोन केला: "अरे, तू इंजिनिअर ना? सांग, हे विकू की सुटं करून भंगारात देऊ?"

ज्यांनी पिनबॉल पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की विंडोज एक्सपीवर आपण जो 'स्पेस कॅडेट' उघडायचो, त्याचं खरंखुरं, लाकूड-लोखंडाचं रूप. किंवा घरी खिळे ठोकलेला गोट्यांचा बॅगॅटेल बोर्ड असेल तर तो आठवा. पिनबॉल त्याच घराण्यातला. उतरत्या फळीवर सुमारे ८० ग्रॅमचा, २७ मिलिमीटरचा स्टीलचा गोळा सोडायचा आणि खालच्या दोन फ्लिपरनी त्याला वर टोलवत राहायचं. हे फ्लिपर १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनवर पहिल्यांदा आले. त्याआधी हा बराचसा नशिबाचा खेळ होता. म्हणूनच १९४२ मध्ये न्यूयॉर्कने पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली आणि जप्त केलेली मशीनं हातोड्याने फोडली. बंदी उठायला १९७६ उजाडलं.

मामाचं मशीन सत्तरच्या दशकातलं, इलेक्ट्रोमेकॅनिकल. म्हणजे त्यात प्रोसेसर नाही, सॉफ्टवेअर नाही. सगळं लॉजिक रिले, कॉइल आणि स्विच मिळून चालवतात. एक रिले म्हणजे एक इफ-एल्स समजा. ५० गुण मिळाले की आतली एक छोटी मोटर फिरते, १० गुणांचे पाच ठोके देते आणि आकड्यांचं चाक पाच घरं पुढे सरकतं. तुम्ही झाकण उघडून प्रोग्राम चालताना डोळ्यांनी बघू शकता. मला तर नोकरीतल्या कोडपेक्षा हे जास्त वाचनीय वाटलं.

आता मूळ प्रश्न. बहुतेक जण आधी विचारतात, "किती येतील?" माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: यातलं काय पुन्हा मिळणार नाही?

बल्ब, रबरी रिंगा, गोळे, फ्यूज हे सगळं बदलता येतं. कॉइल जळाला असला तरी घाबरायचं कारण नाही. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात. जाड तारेचा वेढा जोरात झटका देतो, आणि फ्लिपर वर पोचला की एक छोटा स्विच उघडून बारीक तारेचा वेढा कामाला लावतो. तो स्विच चिकटला की कॉइल तापून जळतो. कॉइल नवा मिळतो, स्विच साफ करता येतो. पण दोन गोष्टी त्या-त्या मॉडेलच्याच असतात: गोळा पळतो ती रंगवलेली फळी, जिला मी खेळपट्टी म्हणतो, आणि वरची चित्राची काच. त्या गेल्या की मशीनची ओळख गेली. काचेबद्दल एक लक्षात ठेवा. चित्र काचेच्या आतल्या बाजूला रंगवलेलं असतं. बल्बच्या उष्णतेने आणि दमट हवेने ते पापुद्रे धरतं. प्रेमाने ओल्या फडक्याने पुसायला जाल, तर चित्र फडक्यावर येईल.

दुसरा प्रश्न: याचा नकाशा आहे का? म्हणजे वायरिंगचा आराखडा. तो नसेल तर उत्तम मशीनसुद्धा नुसतं वायरींचं जंजाळ. स्पेस कॅडेटचंच बघा ना. विस्टामध्ये तो गायब झाला. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर कारण लिहिलं: ६४-बिटसाठी कोड तयार करताना गोळ्याची टक्कर ओळखणारा भाग बिघडला, गोळा वस्तूंच्या आरपार जायला लागला. कोड बाहेरच्या कंपनीचा, त्यात टिपणं जवळजवळ नाहीत, त्यामुळे चूक कुठे आहे ते सापडेना. कोड हातात असूनही गेम सोडून द्यावा लागला. मामाच्या मशीनमधला कागदी आराखडा वाळवीने खाल्ला होता. पण काचेवर मॉडेलचं नाव शाबूत होतं, आणि इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर शोधल्यावर आराखडा मिळाला.

तिसरा प्रश्न: सांगाडा उभा राहील का? इथे आमचं घोडं अडलं. पेटीचा तळ वाळवीने पोखरला होता. बोट लावलं की भुसा. गुळगुळीत खेळपट्टीचा रंगही फ्लिपरपाशी लाकडापर्यंत झिजलेला. आणि एक सूचना: जुनं अमेरिकी मशीन दिसलं की थेट प्लग लावू नका. ते ११० ते १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३०. अनेकांना अर्थिंगही नसतं. आधी ट्रान्सफॉर्मर तपासा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा. आणि मशीन नंतरच्या काळातलं, सर्किट बोर्डवालं असेल तर बोर्डवरची बॅटरी आधी काढा. ती गळली की बोर्ड खाते.

आता एक कबुली. हे मशीन मामांना चालू अवस्थेत विकता आलं असतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी सुट्टीत इथे आलो होतो आणि प्रोजेक्टसाठी त्यातले दोन कॉइल काढून नेले. वायरी पक्कडने कापल्या. फोटो नाही, चिठ्ठी नाही, कुठली वायर कुठे होती याची नोंद नाही. प्रोजेक्टला मार्क मिळाले. मशीन मात्र त्या दिवशी मेलं. मामा कधी काही बोलले नाहीत, आणि मला वाटत राहिलं की त्यांना कळलंच नसेल.

म्हणून माझा नियम आता एकच आहे: जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी करायचं. विकलेलं मशीन दुरुस्त होऊ शकतं. न विकलेलं पुढच्या वर्षी विकता येतं. सुटं केलेलं मात्र पुन्हा मशीन होत नाही. आणि सुटं करायची वेळ आलीच, तर असं करा की दुसऱ्या कुणाला त्यातून एक मशीन जगवता येईल. प्रत्येक कनेक्टरचा फोटो. प्रत्येक वायरीला चिठ्ठी. वायर कापायची नाही, डाग सोडवायचा. खेळपट्टी, काच आणि रिलेंची फळी एकत्र द्यायची, कारण त्या एकमेकींशिवाय अर्ध्या आहेत.

भंगारवाल्या काकांनी २,२०० सांगितले होते. त्यांना हवं होतं ते तांबं, "लाकूड तुम्हीच ठेवा" म्हणाले. त्यांची चूक नाही, त्यांचा तो धंदा. पण तांब्यासाठी वायरी जाळल्या की प्लास्टिकचा विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत खेळाची साधनं आणि नाण्यावर चालणारी मशीनंही आहेत, तेव्हा उरलेला विजेचा भाग नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा.

मी तीन रविवार घेतले. लॅमिंग्टन रोडवरून वायर आणली, आराखडा बघत ते दोन कॉइल परत जोडले. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून स्विच दाबला. मोटर घरघरली, डावा फ्लिपर उडाला, उजवा नाही. मग मुंबईतल्या एका जुनी मशीनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोटो पाठवले. त्याच्याकडे चांगली पेटी होती, आतलं सामान नव्हतं. पेटी सोडून सगळा संच त्याने १६,००० ला नेला. पडवीच्या पत्र्यांचा बराचसा खर्च निघाला.

टेम्पो गेल्यावर मामांनी विचारलं, "दोषांची यादी दिलीस ना त्याला?"

"दिली मामा. वाळवी, झीज, उजवा फ्लिपर, सगळं लिहिलं."

"आणि तू कापलेल्या वायरी?"

तेही लिहिलं होतं. यादीत पहिल्याच ओळीत.

तर मंडळी, तुमच्या घरातही माळ्यावर असं काही पडलं असेल. जुना रेडिओ, टेपरेकॉर्डर, शिलाई मशीन. पक्कड उचलण्याआधी मोबाईल उचला आणि फोटो काढा. भेटू पुढच्या भागात!