मोटारीची जागल

नांदगाव पेठेहून एका वाचकाने विचारले आहे की, लेकीकडे पुण्यास महिनाभर राहून परतल्यावर, अंगणात कुलूपबंद उभ्या असलेल्या मोटारीची अवघ्या वर्षभराची बॅटरी उतरली कशी. दुकानदाराने तर मोटारीकडे ढुंकूनही न पाहता नवी बॅटरी घेण्याचे फर्मान काढले.

किल्ली काढली म्हणजे मोटार बंद झाली, ही समजूत ॲम्बॅसेडरच्या जमान्यात बव्हंशी खरी होती; परंतु आजच्या मोटारीत कुलपे, काचा, दिवे, चोरघंटा यांचा कारभार पाहणाऱ्या संगणकी पेट्या बॅटरीशी कायमच्या जोडलेल्या असतात, आणि किल्ली काढल्यावर त्या मरत नाहीत, झोपतात. ही झोपही कोणा वरिष्ठाच्या हुकमाने येत नाही. ज्या पेटीचे काम शिल्लक असेल ती साऱ्या पेट्यांना जोडणाऱ्या सामाईक तारेवर ठराविक अंतराने आपली हजेरी पुकारत राहते, आणि शेवटची हजेरी थांबून काही क्षण लोटले की सारी कचेरी एकदम निजते.

आपल्या वऱ्हाडात पिकाच्या राखणीसाठी मचाणावर जागलीला गेलेला शेतकरी काही रात्रभर डोळे ताणून बसत नाही. तो घोंगडी पांघरून पडतो, महामार्गावरील ट्रकांची घरघर त्याच्या कानांवरून वाहून जाते, आणि तुरीच्या ओळीत रोह्याचे पाऊल वाजले की तत्क्षणी उठून बसतो. निजलेल्या पेटीतही तारेवर कान देणारी एक चिप काही मायक्रोअँपिअरवर अशीच जागल करते. मात्र ट्रक आणि रोही यांतील विवेक तिला उशिरा आला. बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइट येथे मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीत तारेवर कोणाचीही खळबळ झाली की सारेच खडबडून उठत. नेमक्या संदेशालाच जागणाऱ्या चिपांचे आंतरराष्ट्रीय मानक निघाले ते २०१३ साली.

नीट निजलेली मोटार साधारण ३० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम ०.३६ वॅट घेते. (पेठेतलेच औष्णिक केंद्र १३५० मेगावॅटचे, त्या हिशेबाने ते पावणेचारशे कोटी मोटारींची झोप पुरवील!) एवढ्यानेही ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्म्यावर येते, आणि आपल्याकडचा मे महिना ती आतूनही झिजवतो. एखादी पेटी जागीच राहून अर्धा अँपिअर पिऊ लागली, तर चार दिवसही पुष्कळ झाले. संशय प्रथम घ्यावा तो मागाहून बसवलेल्या कॅमेऱ्याचा अथवा जीपीएस यंत्राचा, कारण ही मंडळी झोपेच्या करारात पक्षकारच नसतात. फोनवरून मोटारीची खुशाली विचारण्याची जी सोय जाहिरातींत एवढी मिरवली जाते, तिचे मला कौतुक नाही. निजलेल्याला उठवून ‘झोप लागली का’ असे विचारण्याचाच तो प्रकार आहे.

जाणता इलेक्ट्रिशियन बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवून मध्ये मीटर घालतो, उघड्या बॉनेटची कडी पेचकसाने दाबून ते बंद असल्याचा मोटारीला भास करून देतो, किल्ली दूर ठेवतो आणि चहा मागवतो. कारण आरंभी काही अँपिअर दाखवणारा काटा एकेक पेटी आपले काम आटोपेल तसा पायरीपायरीने उतरण्यास कधी अर्धा तासही लागतो. नवी बॅटरी घेण्यापूर्वी आमच्या वाचकाने एवढे अवश्य करून घ्यावे. मात्र मीटर मध्ये असताना मोटार सुरू करू नये. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि दहा अँपिअरच्या मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो.