पोराच्या कमाईचे खाते

मागल्या महिन्यात आमच्या वसाहतीतले एक गृहस्थ संध्याकाळी एक फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला एका मालिकेत छोटेसे काम मिळाले होते. फॉर्म इंग्रजीत होता, आणि इंग्रजी फॉर्म म्हटला की वसाहतीत कारकुनाचे दार वाजतेच. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून झाली आणि बँक खात्याचा रकाना आला. आम्ही विचारले, "खाते कोणाच्या नावाचे लिहू?" ते हसून म्हणाले, "माझंच लिहा ना, दादा. पोरगी काय बँकेत जाणार आहे का?"

त्यांचे म्हणणे आम्हाला वावगे वाटले नाही. घरात दहाजणांना विचारले तर नऊजण हेच म्हणतील. पण आम्ही पेन खाली ठेवले आणि त्यांना जॅकी कूगनची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

चार्ली चॅप्लिनचा 'द किड' हा मूकपट १९२१ साली आला. तो अनेकांनी पाहिला असेल. टाकून दिलेले एक तान्हे मूल फाटक्या कोटातल्या चार्लीला सापडते आणि तो ते वाढवतो. पोर मोठे झाल्यावर दोघांचा धंदाही ठरतो. पोराने दगड मारून लोकांच्या खिडक्या फोडायच्या, आणि थोड्या वेळाने पाठीवर काचा बांधून चार्लीने त्याच गल्लीत काच बसवायला यायचे! पुढे अनाथाश्रमाची माणसे पोराला ओढून गाडीत घालतात. तेव्हा ते पोर दोन्ही हात पसरून जे रडते, ते पाहून शंभर वर्षांनंतरही माणसाचा घसा दाटतो. ते पोर म्हणजे जॅकी कूगन. जन्म २६ ऑक्टोबर १९१४, लॉस एंजेलिस.

जॅकीचे वडील रंगमंचावर नाचकाम करीत. लॉस एंजेलिसच्या एका नाट्यगृहात त्यांच्याबरोबर आलेल्या या चार-पाच वर्षांच्या मुलाला चॅप्लिनने पाहिले आणि हेरले. चॅप्लिन स्वतः लंडनच्या गरिबीत वाढलेला. वयाच्या सातव्या वर्षी आई आणि भावासह त्याला तिथल्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे कंगालांना कामाच्या बदल्यात अन्न देणाऱ्या सरकारी आश्रयघरात जावे लागले होते. पोराला आईपासून तोडणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, आणि पडद्यावर ते दिसते.

त्या रडण्याची एक गोष्ट चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. खेळकर जॅकीला काही केल्या रडू येईना. तेव्हा त्याचे वडील पुढे झाले आणि म्हणाले, मी रडवतो. रडला नाहीस तर इथून उचलून खऱ्याखुऱ्या वर्कहाऊसमध्ये टाकीन, असा त्यांनी मुलाला दम भरला. पोराने हंबरडा फोडला आणि दृश्य टिपले गेले. मागाहून चॅप्लिन समजूत घालायला गेला तर पोर म्हणाले, मला माहीत होते, बाबा गंमत करत होते. वाचकांना यात हसू येईल. आम्हाला मात्र ती गोष्ट वाचून जरा गप्पच बसावेसे वाटले.

चित्रपट जगभर गाजला. पुढच्याच वर्षी जॅकी 'ऑलिव्हर ट्विस्ट' झाला. मेट्रो कंपनीने करारावर सही करतानाच पाच लाख डॉलर दिल्याचे त्या काळी गाजले. जॅकीच्या नावाच्या बाहुल्या, वह्या, शिट्ट्या, इतकेच काय शेंगदाण्याचे लोणीसुद्धा बाजारात विकले गेले. १९२४ साली आर्मेनियन आणि ग्रीक निर्वासित मुलांसाठी मदत गोळा करायला हा दहा वर्षांचाही न झालेला मुलगा अमेरिका आणि युरोपभर फिरला. रोममध्ये पोपनी त्याला भेट दिली. म्हणजे उपाशी पोरांसाठी लाखोंचा निधी उभा करणारे ते पोर. पण स्वतःच्या हातात मात्र आठवड्याचा खाऊ सव्वासहा डॉलर!

पोर मोठे होते. आवाज फुटतो, गालाचे हाड दिसू लागते, आणि निर्माते दुसरे पोर शोधतात. विशीकडे येईतो जॅकीची मागणी ओसरली होती. मग मे १९३५ मध्ये तो, त्याचे वडील आणि आणखी तिघे मोटारीने परतत असताना गाडी दरीत कोसळली. चौघे गेले, जॅकी एकटा वाचला. कमाईचा कारभार वडिलांनी पाहिला होता. तो आता आईच्या हाती आला, आणि पुढे आईने कुटुंबाच्या व्यवस्थापकाशी लग्न केले.

ऑक्टोबरमध्ये जॅकी एकवीस वर्षांचा झाला, म्हणजे कायद्याने सज्ञान. आता आपले पैसे मिळतील ही त्याची समजूत. लहानपणीची त्याची कमाई तीस ते चाळीस लाख डॉलरच्या घरात होती असा अंदाज. घरून उत्तर आले की तुझे असे काही नाही. कातडी कोट, हिरे, महागड्या गाड्या यांत पुष्कळ पैसा गेला होता.

एप्रिल १९३८ मध्ये जॅकीने आई आणि सावत्र बापावर दावा लावला. त्यांची बाजू अशी की त्याला काही देण्याचे वचन कोणी दिलेच नव्हते, आणि पोर कॅमेऱ्यापुढे मजेने खेळत होते, त्याला काम कोण म्हणतो? यातली गोम पाहा. कॅलिफोर्नियाचा कायदाच त्यांच्या बाजूला होता. अज्ञान मुलाची कमाई आईबापांची, असे कलम होते. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. ज्या माणसाच्या नावावर खातेवहीत पानच नाही, त्याची शिल्लक निघणार कुठून?

खटला लढता लढता हाती लागण्याजोगी शिल्लक सुमारे अडीच लाख डॉलरची उरली. १९३९ मध्ये तडजोड होऊन जॅकीच्या पदरात एक लाख सव्वीस हजार पडले. मध्यंतरी त्याची इतकी ओढाताण झाली की तो चॅप्लिनकडे गेला, आणि चॅप्लिनने काही न विचारता हजार डॉलर काढून दिले.

त्या खटल्याने लोक चिडले आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठी कायदा झाला. लोक त्याला कूगन कायदाच म्हणतात. पण पळवाटा राहिल्या होत्या. न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांनाच तो लागू होई, त्यामुळे पुढच्या कितीतरी पोरांचे पैसे तसेच गेले. १ जानेवारी २००० पासून सुधारणा झाली. आता मुलाची कमाई मुलाचीच मालमत्ता, आणि त्यातले १५ टक्के तो सज्ञान होईपर्यंत वेगळ्या बंद खात्यात ठेवणे सक्तीचे. जॅकीला याचा उपयोग नव्हता. तो १ मार्च १९८४ रोजी गेला.

मधल्या काळात तो रडत बसला नाही हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात तो ग्लायडर वैमानिक झाला. मार्च १९४४ मध्ये आसाममधून उडालेल्या बिनइंजिनाच्या विमानांनी ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला सैन्य उतरवले, त्या मोहिमेत हा 'द किड' होता. नंतर टेलिव्हिजनच्या 'द अॅडम्स फॅमिली' मालिकेत (१९६४ ते ६६) टक्कल केलेला, डोळे काळवंडलेला विचित्र काका बनून त्याने पुन्हा लोकांना हसवले. तो चेहरा पाहून कोणी ओळखणार नाही की हेच ते काचा फोडणारे पोर!

आपल्याकडे १४ वर्षांखालील बालकलाकारांसाठी २०१७ चे नियम आहेत, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. चित्रीकरणापूर्वी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या मर्जीविरुद्ध तर मुळीच नाही. आणि कमाईचे किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जमा झाले पाहिजेत. ते पैसे आईबापांनी बाजूला काढायचे नाहीत, आधीच बाजूला पडायचे.

एवढे ऐकून त्या गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या, "दादा, शंभरातले वीस तिचे. मग उरलेल्या ऐंशीचं काय?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या घरी भाडे थकले आहे, थोरल्याची फी भरायची आहे, आणि ऐंशीबद्दल तो नियम काही बोलत नाही. आम्ही तिथे काय सांगणार? एवढेच म्हटले की घरात किती खर्च केले ते एका वहीत लिहीत चला, मुलीला वाचता येते.

फॉर्मचा तो रकाना त्या दिवशी कोराच ठेवला. सोमवारी अर्धी रजा टाकून आम्ही मायलेकींबरोबर बँकेत गेलो. जन्मदाखला, आधार कार्ड, दोन फोटो, पालक म्हणून आईची सही. पासबुक छापून खिडकीतून बाहेर आले तेव्हा आईने हात पुढे केला होता, पण ते मुलीनेच घेतले आणि पहिल्या पानावर आपले नाव बरोबर छापले आहे का ते बोट ठेवून वाचले.