खच्ची घोड्याला कागद कशाला?

अमेरिकेत मिनिएचर हॉर्स नावाच्या ठेंगण्या घोड्यांचा व्यापार चालतो. १९७८ साली निघालेल्या 'अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन'च्या दप्तरी ३४ इंचांपर्यंतचाच घोडा चढतो. उंची मोजायची ती आयाळीच्या शेवटच्या केसापाशी. 'अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्री' ही दुसरी संस्था ३८ इंचांपर्यंत मुभा देते.

दाखल्यावर नाव, आई-बाप, जन्मतारीख, रंग, अंगावरच्या खुणा असतात. आमच्या उर्दू शाळेच्या भाषेत, घोड्याचा शजरा. पण शजऱ्याला भाव येतो तो पुढे पैदास घ्यायची म्हणून. खच्ची केलेल्या नराचा शजरा कोण विचारतो? असे म्हणून काही विक्रेते नोंदणीची फी वाचवतात. काहींचे तर दोन भाव असतात, कागदासह एक आणि बिनकागदाचा एक.

आम्हालाही हा हिशेब प्रथम पटला होता. मग आमचाच एक जुना सौदा आठवला. शर्टिंगचे काही तागे आम्ही घेतले. माल अस्सल, पण गिरणीचा शिक्का असलेला तुकडा आधीच्या मालकाने कापून टाकलेला. गिऱ्हाईक कापड चोळून पाही, मान डोलवी आणि भाव मात्र बिनशिक्क्याचा देई. भांडणार कोणत्या तोंडाने? तो माल आम्ही तोट्यात काढला.

घोड्याचेही तेच. या संस्थांच्या प्रदर्शनांत खच्ची घोड्यांसाठी वेगळे वर्ग असतात. छोटी गाडी ओढणे, अडथळे पार करणे अशा स्पर्धाही असतात. बिननोंदणीच्या घोड्याला तिथे दार बंद. म्हणजे हौशी स्पर्धक हे गिऱ्हाईकच हातचे गेले. दुसरी गोष्ट वयाची. कागद नसेल तर दात पाहून अंदाज करायचा, आणि जनावर जसे म्हातारे होते तसा तो अंदाज ढिला पडतो. हा प्राणी पंचवीस-तीस वर्षे जगतो, चार मालक पाहतो. आठ वर्षांचा म्हणून घेतलेला चौदाचा निघाला, तर शिव्या विकणाऱ्याच्या नावाने. खच्ची असला म्हणून हे चुकत नाही.

अर्थात घरच्या मुलांसाठी घोडा घेणाऱ्याने आधी स्वभाव, खूर आणि लसी पाहाव्यात. कागदापायी त्याने फार जास्त मोजू नये. पण आहे तो कागद वेगळ्या भावाने विकणे आम्हाला पटत नाही. बिजक मालाबरोबरच जाते.

घोडा खच्ची केल्यावर तशी नोंद संस्थेकडे करून घ्यावी, नाहीतर कागदावर तो नर घोडाच राहतो. आणि मालकी बदलाच्या अर्जावर विकणाऱ्याची सही पैसे मोजतानाच घ्यावी. मागाहून गाव बदललेल्या माणसाला शोधत बसणे आम्ही उधारीच्या वसुलीत पुष्कळ भोगले आहे.