व्हेनिअरची कड आणि खर्ऱ्याची पुडी

व्हेनिअर बसवतात ते असे. दाताच्या दर्शनी बाजूचे इनॅमल अगदी थोडे घासायचे, आम्ल लावून ते खरखरीत करायचे आणि त्यावर सिरॅमिकचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा रेझिनने चिकटवायचा. आता ते टिकवायचे कसे, हा प्रश्न. त्याचे उत्तर गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकासाठी वेगळेच लिहायला हवे, कारण इथे व्हेनिअरची गरज ज्यामुळे पडते आणि ते ज्यामुळे बिघडते, ती दोन्ही कारणे इथल्या पाण्यात आणि पानठेल्यात आहेत.

आधी पाण्याचे. या दोन्ही जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५, असे भारतीय मानक सांगते. बोअरवेलचे पाणी याच्या वर गेले, की आठ वर्षांखालील मुलांच्या जबड्यात तयार होत असलेल्या पक्क्या दातांचे इनॅमल बिघडते. दात उगवतात तेच पांढुरक्या पट्ट्यांचे, पुढे पिवळे-तपकिरी होणारे. हे डाग घासून जात नाहीत. लग्नाच्या वयात ओठ मिटून हसणाऱ्या मुलीला व्हेनिअर हवेसे वाटते ते चैन म्हणून नव्हे, आणि तिला कुणी नावे ठेवू नयेत.

अशा दातांचे इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे चिकटण मुळातच थोडी कच्ची राहू शकते. म्हणून ‘माझे गाव फ्लोराइडच्या पाण्याचे’ हे दंतवैद्याला आधीच सांगावे. फ्लोराइडनेच दात बिघडले, आता फ्लोराइडची पेस्ट कशाला, असा प्रश्न हमखास येतो. मोठ्या माणसाचे इनॅमल घडून झालेले असते, त्याला पेस्टने डाग पडत नाहीत. उलट व्हेनिअरच्या मागे खरा दात आहे आणि तो किडू शकतो, म्हणून पेस्ट फ्लोराइडचीच असावी. दवाखान्यात लावायच्या आम्लयुक्त फ्लोराइड जेलने मात्र सिरॅमिकची चकाकी जाते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ‘मला व्हेनिअर आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

आता खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेली ही पुडी इथे पाहुण्यापुढे चहासारखी ठेवली जाते. लोक विचारतात, व्हेनिअरवर डाग पडेल का? सिरॅमिकवर सहसा पडत नाही. कॉम्पोझिटच्या, म्हणजे रेझिनच्या, व्हेनिअरवर पडतो, आणि कोरा चहा, हळद, जांभूळ यांचाही पडतो. पण डाग ही फार छोटी गोष्ट आहे. व्हेनिअर बिघडते ते कडेला, जिथे सिरॅमिक, ते चिकटवणारे रेझिन आणि हिरडी एकत्र येतात. नखाच्या टोकाइतकीही रुंद नसलेली ही रेघ. खर्ऱ्याचा रंग आधी तिथे धरतो. चुना-तंबाखूचा गोळा रोज एकाच जागी धरला, की तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडे पडते, आणि झाकलेली रेघ तपकिरी होऊन दिसू लागते. उघड्या मुळावर कीड लवकर लागते. वरचे सिरॅमिक जसेच्या तसे आणि खालचा दात पोखरलेला, अशी अवस्था होते.

याहून गंभीर गोष्ट सुपारीची. तिच्यामुळे गालांच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आरशासमोर उभे राहा, आपलीच तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही गेली नाहीत तर व्हेनिअरचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तोंड तपासून घ्या. ही कर्करोगाआधीची अवस्था असू शकते. खर्रा सोडल्याशिवाय समोरच्या दातांवर हजारो रुपये घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सोडायला मदत मिळते: गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारू आणि तंबाखूवर काम करते आहे, आणि १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत.

बाकीची निगा साधी आहे. मऊ ब्रश हिरडीकडे तिरपा धरून हलक्या हाताने फिरवा. दोन दातांच्या फटीत रात्री दोरा घाला. राखुंडी, कोळसा, मीठ, गुडाखू बंद. कडुनिंबाची काडी चावायची तर दाढांनी चावा, पुढच्या दातांवर घासू नका. ऊस सोलणे, सुपारी फोडणे, चारोळीचे बी फोडणे, पन्नीची गाठ सोडणे ही कामे समोरच्या दातांची नाहीत. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायचे गार्ड करून घ्या. दर सहा महिन्यांनी कड दाखवून या.

व्हेनिअर निघालेच तर घाबरू नका. धुऊन छोट्या डबीत ठेवा. घरातल्या गोंदाने किंवा फेविक्विकने चिकटवू नका. तो थर खरवडताना शाबूत व्हेनिअरही तुटते. तुकडा अखंड असेल तर बहुतेक वेळा तोच परत बसवता येतो, म्हणून तालुक्याच्या गावी जाताना डबी बरोबर न्या आणि तोवर त्या दाताने काही चावू नका.