गिअरबॉक्सची घरघर

जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स आवाज करू लागला की मालकाला बहुधा एकच सल्ला मिळतो : खाली उतरवावा लागेल. हे काम दिवसभराचे आणि खर्चाचे. सगळे उतरवल्यावर दोष मागच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये निघाला, तर मजुरी पाण्यात. उलट, खरोखर झिजलेल्या बेअरिंगकडे दुर्लक्ष केले, तर त्याचे छर्रे फुटून दात्यांत अडकतात आणि धावत्या गाडीची मागची चाके जाम होऊ शकतात. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी आवाजाचे मूळ शोधायला हवे.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. हौशी मंडळींकडे ती अजून आहे. तिच्या गिअरबॉक्समध्ये मुख्यतः तीन दांडे असतात. क्लचकडून येणारा तो इनपुट शाफ्ट. त्याच्या दंतचक्रात कायम गुंतलेला, खालच्या बाजूचा ले-शाफ्ट. आणि मागच्या चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट. गाडी उभी, इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलमध्ये असेल, तर पहिले दोन दांडे फिरतात. मेन शाफ्ट स्थिर असतो. कोणत्या वेळी काय फिरते आणि कशावर भार असतो, एवढे लक्षात ठेवले की निम्मे निदान झाले.

आता उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये घरघर ऐकू येते असे समजा. क्लच दाबा. इनपुट शाफ्ट इंजिनापासून सुटतो, थोड्याच वेळात दोन्ही दांडे थांबतात. आवाजही थांबला, तर दोष याच दोन दांड्यांच्या बेअरिंगांत किंवा त्यांच्या दंतचक्रांत. याउलट क्लच दाबल्यावरच करकर सुरू झाली, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. गिअरबॉक्सचा त्यात दोष नाही.

मग गाडी रस्त्यावर न्यावी. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये आवाज येतो आणि टॉपमध्ये तो जवळजवळ नाहीसा होतो, असे का व्हावे? टॉप गिअरमध्ये इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात. ले-शाफ्ट तेव्हाही फिरतोच, पण त्याच्यावर भार नसतो. खालच्या गिअरमध्ये मात्र सगळी शक्ती त्याच्यातून जाते. भाराखाली गुंतलेले दाते एकमेकांना दूर ढकलतात आणि तो दाब बेअरिंगवर येतो. म्हणजे ले-शाफ्टची बेअरिंगे गेली. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्या गिअरची जोडी झिजलेली. धावती गाडी मोकळ्या रस्त्यावर, इंजिन बंद न करता, न्यूट्रलमध्ये टाकल्यावरही आवाज राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर कमी होत गेला, तर मेन शाफ्टचे मागचे बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाके तपासावीत.

आवाजाची जातही बोलकी असते. मिनिटाला ९०० फेरे म्हणजे सेकंदाला १५. दंतचक्राला २० दाते असतील, तर सेकंदाला ३०० वेळा दाते जुळतात आणि सलग सूर ऐकू येतो. एकच दात तुटला असेल, तर सेकंदाला १५ ठोके पडतात. रिव्हर्समधल्या शिट्टीने मात्र घाबरू नये : तिथले दाते तिरपे नसून सरळ कापलेले असतात, त्यामुळे ती नव्या गाडीतही असे.

मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पेटीवर टेकवून मूठ कानाशी धरतात. पोलादात ध्वनीचा वेग जास्त असतो म्हणून, असे उत्तर वर्गात हमखास येते. ते अपुरे आहे. धातूतून हवेत शिरताना ध्वनीची बहुतेक ऊर्जा परत फिरते. दांडी टेकवली की ही अडचण टळते.

गिअर बदलतानाच खरखर होत असेल, तर गोष्ट वेगळी. गाडी उभी ठेवून क्लच दाबा, दहा अंक मोजा आणि रिव्हर्स टाका. तरीही दाते खरडले, तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्याचे अ‍ॅडजस्टमेंट पाहावे. रिव्हर्स शांतपणे पडतो, पण चालत्या गाडीत तिसरा खरखरतो, तर सिंक्रोमेशची कडी झिजली आहे. जुन्या पद्मिनीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हताच, म्हणून तो गाडी थांबल्यावर टाकायचा.

सर्वांत आधी ऑइल पाहावे, कारण कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. गाडी सपाट जागी हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. काढलेल्या ऑइलचा गाळ पांढऱ्या कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा. चुंबकामागे जाणारा कीस पोलादाचा, म्हणजे दाते किंवा बेअरिंगे. जागेवर राहणारा पिवळा कीस पितळेचा, बहुधा सिंक्रो-कड्यांचा. बारीक करडा लेप साहजिक आहे. टोचणारे कण दिसले, तर मात्र पेटी उघडायलाच हवी.

उघडल्यावर बेअरिंग रॉकेलने धुऊन, वाळवून, हाताने फिरवून पाहावे. खडबड लागली तर बदलावे. झिजलेले दंतचक्र एकटे बदलू नये. जुना जोडीदार त्याच्या झिजेनुसार घासलेला असतो, त्याच्याशी नवे दाते नीट जुळत नाहीत आणि आवाज पुन्हा सुरू होतो.